पाण्यापलीकडचा वासोटा: कोयनेच्या जलाशयातून वनदुर्गाकडे जाण्यासाठी सविस्तर मार्गदर्शक

वासोट्याला जायचे ठरले की बहुतेक जण आधी चढ किती, वाट कशी आणि वेळ किती लागतो हे विचारतात. प्रश्न योग्य आहेत, पण त्यांचा क्रम चुकतो. या गडाच्या बाबतीत पहिला प्रश्न पाण्याचा असतो. सकाळी होडी किती वाजता मिळणार, ती कुठे टेकणार आणि संध्याकाळी किती वाजता परत निघणार, या तीन गोष्टी पक्क्या झाल्या की मगच चढाईचा हिशेब मांडता येतो. सह्याद्रीतल्या इतर गडांना पायथ्याचे गाव असते, तिथे मुक्काम करता येतो, उशीर झाला तर कुणाच्या तरी ओसरीवर पथारी टाकता येते. वासोट्याच्या पायथ्याला आज वस्तीच नाही, आणि त्याला कारण आहे कोयनेचे धरण.

म्हणून या लेखात वाटेच्या वर्णनाआधी खोऱ्याची थोडी माहिती दिली आहे. ती नीट लक्षात घेतली तर पुढचे बरेचसे नियम आपोआप उलगडतात.

खोरे कसे बदलले

कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावून दक्षिणेकडे वाहते आणि हेळवाकजवळ पूर्वेकडे वळते. तिच्या पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य रांग आहे आणि रांगेपलीकडे थेट कोकण आहे. याच रांगेवर, आजच्या सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यात, वासोटा उभा आहे. गडाच्या बांधणीचे श्रेय परंपरेने पन्हाळ्याच्या शिलाहार भोज राजाला, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरीला दिले जाते. कोकणातून वर येणाऱ्या घाटवाटांवर नजर ठेवावी आणि कोयना-सोळशीच्या खोऱ्याला आधार द्यावा, अशी त्याची जागा आहे.

पूर्वी या गडाला संरक्षण होते ते किर्र रानाचे आणि उभ्या कड्यांचे. गडाच्या वाटेवर राखणीच्या चौक्या असत, त्यांना मेट म्हणत. पायथ्याच्या, आता उठून गेलेल्या मेट इंदवली या गावाच्या नावात ती खूण अजून आहे. खोऱ्यात भातशेती होती, वाड्या होत्या, आणि साताऱ्याकडून डोंगर उतरून नदी ओलांडून माणसे पायी गडापर्यंत येत.

१९५० च्या दशकात हेळवाकजवळ देशमुखवाडी येथे धरणाचे काम सुरू झाले आणि १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात पाणी अडले. १०३ मीटर उंचीच्या या धरणामागे सुमारे ५० किलोमीटर लांबीचा जलाशय पसरला, त्याला शिवसागर हे नाव मिळाले. त्याची साठवण क्षमता आज १०५.२५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) धरली जाते. या पाण्याखाली खोऱ्यातली शंभराच्या आसपास गावे पूर्णतः किंवा अंशतः गेली आणि तिथली माणसे सातारा, सांगली, सोलापूर, रायगड अशा दूरदूरच्या जिल्ह्यांत विखुरली. त्यांच्या जमिनींचे आणि पुनर्वसनाचे प्रश्न पुढच्या पिढ्यांनाही सोडवत बसावे लागले आहेत, हे होडीत बसताना प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे मला मनापासून वाटते. आपण ज्याला निसर्गरम्य जलाशय म्हणतो त्याच्या तळाशी कुणाची तरी खाचरे आहेत.

पश्चिम काठ असा निर्मनुष्य झाल्यावर जंगलाने तो पुन्हा व्यापला. १९८५ साली कोयना अभयारण्य जाहीर झाले, २०१० साली ते चांदोली राष्ट्रीय उद्यानासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांच्या यादीत कोयनेचा समावेश झाला. एके काळी खोऱ्याचा राखणदार असलेला गड आता जंगलाच्या आणि पाण्याच्या राखणीत आहे. परवानगी, वेळेची बंधने, मुक्कामाला मनाई, प्लॅस्टिकची मोजणी हे सारे त्यातूनच आले आहे.

पहिली पायरी: महिना ठरवणे

पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, गडाची वाट बंद असते. ती उघडल्यानंतरही पहिल्या काही आठवड्यांत जंगलात ओल असते, जळवा लागतात आणि ओढ्याचे दगड शेवाळलेले असतात. ज्यांना गर्द हिरवे रान पाहायचे आहे त्यांनी खुशाल ऑक्टोबरअखेरीस जावे, मात्र पायमोजे आखूड नकोत आणि सोबत मिठाची पुरचुंडी किंवा तंबाखूचे पाणी असावे.

माझ्या मते नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला आहे. हवा स्वच्छ असते, कोकणाकडचे डोंगर लांबवर दिसतात आणि जलाशयात पाणी भरपूर असते. हा शेवटचा मुद्दा अनेकांच्या ध्यानात येत नाही. कोयनेचे पाणी नदीतून पूर्वेकडे सोडले जाते, तसेच बोगद्यांतून पश्चिमेकडे पोफळीच्या बाजूला वळवून त्यावर वीज तयार होते. पाणी वाटपाच्या लवादानुसार या पश्चिमेकडच्या वापराला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे आणि हे वर्ष १ जूनपासून मोजले जाते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरलेला जलाशय त्यामुळे पुढचे सात-आठ महिने सतत उतरत जातो. डिसेंबरात होडी जंगलाच्या कडेशी लागते, तर एप्रिल-मे महिन्यांत तीच होडी खूप अलीकडे थांबते आणि मधला तापलेल्या, भेगाळलेल्या गाळाचा पट्टा पायी तुडवावा लागतो. सकाळी जाताना हे अंतर जाणवत नाही, पण दुपारी चार वाजता दमून परतताना सावलीशिवाय केलेली ती चाल गडाच्या चढापेक्षा जड जाते. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी या चालीचा वेळ जाता-येता दोन्ही वेळा धरलाच पाहिजे.

शनिवार-रविवार आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळाव्यात. गर्दीच्या दिवशी होड्यांसाठी रांग लागते, परवानगीला वेळ जातो आणि गडावर पोचेपर्यंत उतरायची वेळ होते. सप्टेंबरअखेरीला कास पठारावर फुलांचा बहर असताना त्याच रस्त्यावर वाहनांची कोंडी होते, पण तेव्हा वासोटा बंदच असतो.

दुसरी पायरी: कोणत्या काठावरून निघायचे

जलाशयाच्या पूर्व काठावर होडीसाठी प्रामुख्याने तीन ठिकाणे आहेत: बामणोली, शेंबडी मठ आणि मुनावळे. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कास पठार आणि कासचे तळे ओलांडले की रस्ता बामणोलीला उतरतो. हे अंतर सुमारे ३५ किलोमीटर आहे, पण घाटरस्ता, वळणे आणि सकाळचे धुके धरून सव्वा तास तरी हाताशी ठेवावा. साताऱ्याहून एसटीही आहे, परंतु तिच्या वेळा सकाळच्या होडीशी जुळतीलच असे नाही, म्हणून एसटीने जाणाऱ्याने आदल्या संध्याकाळी बामणोलीला पोचून मुक्काम करावा.

बामणोलीची सोय अशी की वनखात्याचे कार्यालय, होड्या, जेवणाखाण्याची ठिकाणे आणि राहण्याची घरे सगळे जवळजवळ आहे. मुनावळे गडाला अधिक जवळ पडत असल्याने पाण्यावरचा वेळ वाचतो, पण रस्त्याने अधिक आत जावे लागते. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी बामणोली धरावी. तिथून होडीला साधारण सव्वा ते दीड तास लागतो. तो वेळ फुकट जातो असे समजू नये, कारण खोऱ्याचा खरा आकार याच प्रवासात डोळ्यांत भरतो.

महाबळेश्वरच्या बाजूने येणारे काही जण तापोळ्याहून होडी करतात. पाण्यावरचे अंतर त्या मानाने फार वाढते, दिवसही लहान होतो. वासोटा हाच मुख्य हेतू असेल तर हा मार्ग धरू नये.

कोकणातून, खेड तालुक्यातल्या चोरवणे गावातून नागेश्वराच्या गुहेमार्गे चढणारी वाट हा जलाशय टाळणारा मार्ग आहे. ती खडी, लांब आणि पाणी मिळण्याची खात्री नसलेली आहे. जंगलाचे नियम त्या बाजूलाही लागू होतात, म्हणून वनखात्याकडे आधी विचारणा केल्याशिवाय आणि गावातला जाणकार वाटाड्या घेतल्याशिवाय त्या वाटेला लागू नये.

तिसरी पायरी: होडी आणि परवानगी

होडी माणशी नव्हे, तर संपूर्ण भाड्याने घ्यावी लागते. एका होडीत साधारण दहा-बारा जण बसतात. दोघे-तिघेच असाल तर आदल्या दिवशी बोट क्लबला किंवा मुक्कामाच्या घरच्या मंडळींना सांगून ठेवावे, ते दुसऱ्या गटाशी जोड घालून देतात. भाडे दरवर्षी बदलते, त्यामुळे ते ठरवतानाच तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: होडी पायथ्याशी किती तास थांबेल, उशीर झाल्यास तासाला किती जादा द्यावे लागतील, आणि भाड्यात त्रिवेणी संगम, दत्त मंदिर अशी इतर ठिकाणे धरली आहेत का. ही ठिकाणे धरलेली असतील तर ती वगळून थेट वासोट्याला नेण्यास सांगावे. कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्यांचा संगम सुंदर आहे, पण गडाच्या दिवशी त्यासाठी वेळ काढला की गडावरचा वेळ कमी होतो.

होडीत प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट आहे का हे बसण्यापूर्वी मोजून घ्यावे आणि ते अंगात घालून बांधावे, मांडीवर ठेवू नये. जलाशय खोल आहे, आणि दुपारनंतर वारा सुटला की लाटाही उठतात.

वनखात्याच्या परवानगीसाठी प्रत्येकाचे ओळखपत्र लागते. गटातल्या सर्वांची नावे, वये आणि पत्ते आधीच एका कागदावर लिहून नेल्यास खिडकीपाशी बराच वेळ वाचतो. कार्यालय सकाळी उघडते तेव्हा आपण पहिल्या काही जणांत असायला हवे. आठवड्याची सुट्टी आणि प्रवेशाची अंतिम वेळ यांत बदल होत राहतो, म्हणून निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी फोन करून खात्री करून घ्यावी.

चौथी पायरी: दिवसाची उलटी मांडणी

इथे बहुतेकांचे गणित चुकते. सकाळपासून पुढे मोजण्याऐवजी संध्याकाळपासून मागे मोजावे. साडेपाचच्या आत बामणोलीच्या काठाला लागायचे असेल, तर चार वाजता होडी पायथ्याहून सुटली पाहिजे. उतरायला दीड तास धरला तर अडीच वाजता गड सोडला पाहिजे. गड नीट पाहायला किमान दीड तास लागतो, म्हणजे एक वाजण्यापूर्वी दरवाजात पोचायला हवे. चढाईला गटातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या हिशेबाने अडीच तास धरले तर साडेदहाला जंगलाच्या चौकीतून पाऊल पुढे पडले पाहिजे, आणि त्यासाठी होडी नऊच्या आधी बामणोलीहून सुटलेली असावी. थोडक्यात, सकाळी आठ वाजता आपण न्याहारी उरकून परवानगीच्या खिडकीपाशी असलो तरच दिवस जुळतो. पुण्याहून पहाटे निघून हे जमवणारे आहेत, पण रात्रभर न झोपता चढणे आणि चालकाने तसाच परतीचा प्रवास करणे मला धोक्याचे वाटते. आदला मुक्काम बामणोली, शेंबडी किंवा कास परिसरात करावा.

पाचवी पायरी: पाठपिशवी

माणशी तीन लिटर पाणी न्यावे. गडावर टाकी आहेत, पण त्यांच्या पाण्यावर विसंबू नये. जेवण घरून किंवा मुक्कामाच्या ठिकाणाहून बांधून घ्यावे: भाकरी, चटणी, उकडलेली अंडी, गूळ-शेंगदाणे असे काहीही चालेल, फक्त ते कापडात किंवा डब्यात असावे. पायथ्याच्या चौकीवर वनरक्षक पिशव्या उघडायला लावतात, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, वेफर्सची पाकिटे एकेक करून मोजतात, आकडा वहीत लिहितात आणि अनामत रक्कम घेतात. परतताना तेवढ्याच वस्तू दाखवल्या तरच ती रक्कम मिळते. ही पद्धत मला फार मोलाची वाटते. ती कंटाळवाणी वाटणाऱ्यांनी एवढेच करावे की स्टीलच्या बाटल्या आणि डबे आणावेत, मग मोजण्यासारखे काही उरतच नाही.

सिगारेट, दारू, काडेपेटी, स्पीकर यांतले काहीही नेऊ नये. अत्तर किंवा उग्र वासाचे फवारेही टाळावेत, कारण कड्यांवर आग्या मोहोळे असू शकतात. पकड असलेले बूट, टोपी, विजेरी, प्रथमोपचाराची पिशवी आणि नेहमीची औषधे असावीत. मोबाइलला बहुतेक वाटेवर रेंज नसते, म्हणून एकमेकांना फोन करून शोधू अशा भरवशावर गट फोडू नये.

सहावी पायरी: चढाई

होडीतून उतरल्यावर चौकी लागते आणि तिथून लगेच रान सुरू होते. सुरुवातीलाच ओढा ओलांडावा लागतो. या परिसरात मारुती आणि गणपतीच्या जुन्या मूर्ती असलेले पडके ठाणे आहे. इथे पाच मिनिटे थांबावे, गट मोजावा आणि मागचा व पुढचा असे दोन जबाबदार भिडू नेमावेत. त्यानंतरची वाट मळलेली आहे, पण दाट झाडीमुळे पुढे-मागे वीस पावलांपलीकडचे दिसत नाही.

चढ सुरुवातीला सौम्य आणि मग सलग आहे. वर सावली जवळजवळ अखंड असल्याने ऊन लागत नाही, परंतु वारा अडतो आणि घाम फार येतो. गवे, अस्वले, सांबर, भेकर आणि बिबट्या यांचे हे घर आहे. गवा किंवा अस्वल समोर आले तर पळू नये, ओरडू नये, मोबाइल काढू नये. जागीच थांबून, मग सावकाश मागे सरून त्याला वाट द्यावी. शेकरू दिसण्याची शक्यता सर्वांत जास्त, मात्र त्यासाठी गप्पा थांबवून झाडांच्या शेंड्यांकडे कान द्यावे लागतात.

बरीच उंची गाठल्यावर वाटेला फाटा फुटतो. एक वाट नागेश्वराच्या गुहेकडे जाते, दुसरी वासोट्यावर. नागेश्वर हे कोकणातल्या आणि घाटावरच्या लोकांचे श्रद्धास्थान आहे, महाशिवरात्रीला चोरवण्याच्या बाजूने भाविक तिथे येतात. दोन्ही ठिकाणे एका दिवसात करण्याचा मोह अनेकांना होतो. पहिल्या भेटीत तो आवरावा. नागेश्वरला जाऊन येण्यात दोन-तीन तास सहज जातात आणि मग वर सांगितलेली उलटी मांडणी पार कोसळते.

फाट्यानंतर झाडी विरळ होते, कातळ आणि पायऱ्यांचे अवशेष लागतात आणि दोन उद्ध्वस्त दरवाजांतून आपण माथ्यावर येतो.

सातवी पायरी: गड कसा पाहावा

समोरच छप्पर नसलेले मारुतीचे मंदिर आहे. इथून वाटा फुटतात. आधी महादेवाच्या मंदिराकडे जावे. त्या बाजूला पाण्याची टाकी आणि वाड्याचे अवशेष आहेत. चुन्याचा घाणाही पाहावा. जमिनीत गोलाकार खोल चर खणलेला असतो, त्यात चुना, वाळू आणि इतर जिन्नस टाकून दगडी चाक बैलांकडून फिरवत. ज्या गडावर आज आपण दमत जेमतेम पाठपिशवी नेतो, तिथे जनावरे वर आणून बांधकाम चाले, हे त्या चराच्या काठावर उभे राहिले की नीट उमगते.

त्यानंतर बाबूकडा. अर्धवर्तुळाकार तुटलेला हा कडा वासोट्याला समोरच्या डोंगरापासून वेगळा करतो. समोरचा तो उंच डोंगर म्हणजे जुना वासोटा. अनेक जण इथे छायाचित्र काढून परततात, पण गडाचा शेवट समजून घ्यायचा असेल तर इथेच अर्धा तास बसले पाहिजे.

६ जून १६६० रोजी हा गड स्वराज्यात आला. शिवाजी महाराजांनी त्याला व्याघ्रगड हे नाव दिले. राजापूरच्या वखारीतले इंग्रज पकडले गेले तेव्हा त्यांतल्या काहींना इथे कैदेत ठेवले होते, आणि पुढेही तुरुंग म्हणून गडाचा वापर झाला. पेशवाईच्या उत्तरकाळात पंतप्रतिनिधींच्या पक्षाची ताई तेलीण हिने हा गड लढवला आणि सेनापती बापू गोखले यांना तो घेण्यासाठी झुंजावे लागले. एवढा अवघड गड १८१८ साली इंग्रजांच्या हाती कसा गेला, याचे उत्तर बाबूकड्यावरून दिसते. जनरल प्रिट्झलरच्या फौजेने जंगलातून तोफा चढवून समोरच्या जुन्या वासोट्यावर नेल्या आणि तिथून मारा केला. आपल्यापेक्षा उंच जागा शत्रूच्या हाती गेल्यावर तटबंदीचा उपयोग उरत नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गड पडला. त्या वेळी साताऱ्याच्या छत्रपतींचे कुटुंबीय आणि कैदेतले दोन इंग्रज अधिकारी गडावर होते.

जुन्या वासोट्यावर जाण्याचा प्रयत्न करू नये. वाट मोडलेली आहे, रान दाट आहे, पाणी नाही आणि परवानगीही नाही.

शेवटी काळकाईच्या ठाण्याच्या माचीकडे जावे. एका बाजूला खोल कोकण दिसते, नागेश्वराचा सुळका दिसतो, हवा स्वच्छ असेल तर रसाळ, सुमार आणि महिपतगड ओळखता येतात. दुसऱ्या बाजूला शिवसागराचे पाणी डोंगरांच्या सोंडांमध्ये शिरलेले दिसते. पाण्याची प्रत्येक फाटलेली बाजू म्हणजे एकेका ओढ्याचे बुडालेले खोरे आहे, हे ध्यानात ठेवून पाहिले तर जुनी नदी, तिचे फाटे आणि गडाकडे येणाऱ्या वाटा मनाशी जुळवता येतात. कड्याच्या काठाला संरक्षक कठडे आहेत असे समजून वावरू नये, वाळलेल्या गवतावरून पाय सटकतो.

आठवी पायरी: परतीचा प्रवास

ठरलेल्या वेळी, पाहायचे राहिले असले तरी, गड सोडावा. उतरताना वाळलेला पाला आणि सुटे दगड यांमुळे घसरण जास्त होते, म्हणून काठी उपयोगी पडते. सर्वांत दमलेला माणूस पुढे ठेवावा आणि गटाने त्याच्या चालीने उतरावे. कुणाचा पाय मुरगळला तर दोघांनी त्याच्यासोबत थांबावे आणि दोघांनी चौकीवर जाऊन कळवावे. कुणीही एकट्याने पुढे जाऊ नये. अंधार पडल्यावर पायथ्याशी राहता येत नाही, आणि अंधारात होडी चालवण्याची वेळ नावाड्यावर आणणे हा सगळ्यांच्याच जिवाशी खेळ ठरतो.

चौकीवर मोजलेल्या वस्तू दाखवून अनामत परत घ्यावी. गटाने वाटेत दुसऱ्यांचा कचरा उचलला असेल तर तोही तिथे न टाकता होडीतून बामणोलीला आणावा, कारण पायथ्याशी तो उचलून नेणारी दुसरी व्यवस्था म्हणजे पुन्हा एक होडीच असते. बामणोलीहून साताऱ्याला रात्री परतणाऱ्यांनी कासच्या टप्प्यात वेग कमी ठेवावा. धुके अचानक उतरते, आणि रस्त्यावर गवे उभे असण्याची शक्यता संध्याकाळनंतर जास्त असते.